थंडी की रोग

मामाने जास्वंदीचं पान उलटं केलं, भिंग डोळ्याला लावलं आणि श्वास रोखून पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं. पान काळं पडून भिजलेल्या कागदासारखं लोंबत होतं. पाठीवर ना बुरशीची पूड, ना ठिपके, ना किडीची अंडी. तरी त्याने दुसरं पान घेतलं, मग तिसरं. चौथ्याला हात घातला तेव्हा मागून ताई म्हणाली,

“हजेरी घेतोयस का पानांची?”

“नीट बघायला नको?”

“बोळातून अंगणात पाऊल टाकलंस तेव्हाच बघून झालं तुझं. तेव्हाच तोंड उतरलं होतं.”

ताई मागच्या दारात वेताच्या खुर्चीवर बसली होती, समोर वॉकर. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर ती लेकीकडे विश्रांतीला गेली होती आणि परवा घरी परतली होती. आल्या आल्या स्वतःच्या खोलीकडे न वळता तिने हे मागचं दार उघडायला लावलं, आणि दार उघडताच समोर काळी पडलेली झाडं दिसली. मग धाकट्या भावाला बोलावणं गेलं. भाच्याचा मामा म्हणून ह्या घरात त्याला सगळेच मामा म्हणत, ताईसुद्धा.

तोंड उतरल्याचं तिचं म्हणणं खोटं नव्हतं. झाडांचे रोग ओळखणं हा मामाचा पोटापाण्याचा उद्योग. शहराच्या उद्यान खात्याच्या सल्ला केंद्रात तो एका खिडकीमागे बसे आणि लोक प्लास्टिकच्या पिशव्यांतून घाम फुटलेली पानं आणून त्याच्यापुढे ठेवत. पण त्याची ख्याती रोग ओळखण्यासाठी नव्हती, रोग नाही हे तोंडावर सांगण्यासाठी होती. “ह्याला काही झालेलं नाही, तुम्ही पाणी जास्त घालता,” असं तो एका निवृत्त न्यायाधीशांना म्हणाला होता. एका बाईंना त्याने सांगितलं होतं, “झाड ठणठणीत आहे, तुम्हीच थोडे दिवस कुठेतरी जाऊन या.” लग्नात, वाढदिवसाला, एकदा तर अंत्ययात्रेत लोकांनी खिशातून हळूच पान काढून त्याला दाखवलं होतं, आणि तिथेही तो खरं तेच बोलला होता. ह्या गुणामुळे त्याला मान पुष्कळ होता, आमंत्रणं कमी.

आणि इथलं खरं तर शेंबड्या पोरालाही कळावं असं होतं. रोग नातीगोती बघून येतो. गुलाबाचा रोग गुलाबाकडे जातो, लिंबाचा लिंबाकडे. नुसतं शेजारी राहतो म्हणून सहसा कोणी कोणाकडे जात नाही. थंडीला ओळखपाळख लागत नाही. ह्या अंगणात जास्वंद, बोगनवेल, क्रोटन आणि कोपऱ्यातलं लिंबू, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, अशी सगळी झाडं एका झटक्यात वरून खाली काळी पडली होती. छपराच्या आडोशाला भिंतीलगत ठेवलेल्या कुंड्या मात्र हिरव्यागार. दोरीवर एक बेडशीट वाळत राहिली होती. तिच्याखाली आलेला क्रोटनचा अर्धा भाग टवटवीत होता, बाहेर राहिलेला अर्धा काळा, आणि मध्ये सरळ रेघ. रोग अशी रेघ मारत नाही. तेवढी शिस्त रोगांत नसते.

“थंडी की रोग?” ताई म्हणाली. “तेवढं सांग. बाकी तुझं शास्त्र तुझ्यापाशी राहू दे.”

“सांगतो की.”

“मग सांग.”

मामा बोगनवेलीकडे गेला. तिथून गुलाबाकडे आला. गुलाब थंडीला सहसा दाद देत नाही, त्याला काही झालेलं नव्हतं, पण त्याच्या पानांवर नेहमीचे काळे ठिपके होते, ते त्याने जुना मित्र भेटल्यासारखे निरखून पाहिले. वारा सुटला होता. दोरीवरची बेडशीट फडफडत होती आणि दर वेळी मामा दचकून तिकडे बघत होता.

हॉस्पिटलात जाण्याआधी ताईने सूनबाईला एकच काम सांगितलं होतं. गारठा वाढला की संध्याकाळी झाडांवर जुन्या चादरी टाकायच्या, सकाळी काढायच्या. ताईचे यजमान, मामाचे भावजी, होते तोवर हे काम ते करत. ते गेल्यावर ताई करायची. मुलगा आणि सून तिच्या ऑपरेशनच्या निमित्ताने भाड्याची जागा सोडून नुकतेच इथे राहायला आले होते.

“लेकाकरवी विचारलं तर म्हणते, काय झालं कळत नाही,” ताई आवाज जराही न उतरवता म्हणाली. स्वयंपाकघराची खिडकी तिच्या डोक्यावरच होती. “नसेल कळत. रोग असेल तर रोगाला कोण काय करणार? पण थंडी असली ना मामा, तर त्या दोघांनी आपली जागा बघावी. जिच्या हातून झाडावर चादर पडत नाही, ती रात्री माझ्या अंगावर पांघरूण घालणार?”

“आणि तू? एकटी राहणार?”

“राहीन. जमेल. नाहीतर तू आहेसच.”

ते शेवटचं वाक्य ऐकून मामाने भिंग खिशात घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. ताई एकटी राहू शकत नव्हती. खुर्चीतून उठताना ती अजून दात आवळत होती. आणि मामाच्या दोन खोल्यांत मामी राहत होती. त्याच्या लग्नापासून आजवर ताईचं आणि मामीचं एकाच मुद्द्यावर एकमत झालं होतं, तो म्हणजे मामाला व्यवहार कळत नाही. आज निघताना मामी दारात उभी राहून म्हणाली होती, “झाडं बघायला चाललाय, झाडंच बघा. येताना कोणाला बरोबर आणू नका.” बसमध्ये बसला तोच भाच्याचा फोन आला.

“मामा, रोगच निघेल ना?”

“निघेल म्हणजे? सोडत आहे का ही?”

“तसं नाही हो. तुम्ही फक्त नीट बघा.”

“मी नेहमी नीटच बघतो.”

“तेच तर,” भाचा म्हणाला आणि त्याला कोणीतरी मिटिंगला बोलावलं. असल्या दिवशी मुलगे ऑफिसात असतात.

सूनबाई चहा घेऊन बाहेर आली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर काचा बदलत लोकांना विचारायची, आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं. आज तिने रजा घेतली होती आणि घरात कुठे उभं राहावं हे तिला ठरवता येत नव्हतं. ट्रे तिने आधी धुण्याच्या दगडावर ठेवला, मग उचलून पायरीवर, मग पुन्हा उचलून मामासमोर धरला.

“साखर कमी वाटली तर सांगा, मामा.”

“नाही, बरोबर आहे.”

“अजून प्यायला नाहीत तुम्ही.”

मामाने घाईने घोट घेतला. जीभ पोळली. “बरोबर आहे,” तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला.

त्याची नजर पुन्हा त्या अर्ध्या हिरव्या क्रोटनवर गेली. समोरचा माणूस कुठे बघतोय हे ओळखणं सूनबाईच्या धंद्यातच होतं. तिनेही क्रोटनकडे पाहिलं, वर बेडशीटकडे पाहिलं, आणि मग मामाकडे. तिने ट्रे दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि आत निघून जावं की इथेच थांबावं ह्या विचारात उंबऱ्यावर अडकून राहिली.

“मी असं करतो,” मामा म्हणाला, “थोडा नमुना घेऊन जातो. प्रयोगशाळेत एकदा...”

“तू असताना प्रयोगशाळा कशाला? डॉक्टर भाऊ असताना लोक कंपाउंडरकडे जातात का?”

“रोग आहे,” मामा म्हणाला.

बोलून झाल्यावर त्यालाच नवल वाटलं. इतकी वर्षं लोकांना तोंडावर खरं सांगण्यात आपण उगाच वैर पत्करलं. हे तर किती सोपं होतं.

“कोणता?”

“करपा. जिवाणूंचा. यंदा साथ आहे त्याची.”

“लिंबाला आणि जास्वंदीला एकच?”

“असतं कधी कधी.”

“हे कधी असं काही म्हणाले नाहीत.”

“भावजींच्या वेळी नव्हता. नवीन आहे.”

ताईने मान हलवली आणि मागे न बघता म्हणाली, “सूनबाई, आमच्यासाठी आणलास, तुझा चहा कुठाय? घे तूही.”

घरी आल्यापासून ती सुनेशी पहिल्यांदाच थेट बोलली होती. उंबऱ्यावरचा ट्रे जरा खाली आला. मामाने चहाचा मोठा घोट घेतला आणि आता साखर खरोखरच बरोबर लागली. घरी गेल्यावर मामीला काय सांगायचं ह्याची तो मनात जुळवाजुळव करू लागला. तेवढ्यात ताई म्हणाली,

“त्या कोपऱ्यात कुदळ आहे बघ. आण.”

“कुदळ कशाला?”

“कशाला म्हणजे? रोगट झाडाला संध्याकाळ बघू देऊ नये. तूच सांगत होतास ना रेडिओवर? उपटा, जाळा, माया करू नका. हॉस्पिटलात सगळ्या नर्सना बसवून ऐकवलं मी, माझा भाऊ बोलतोय म्हणून.”

“ते शेतकऱ्यांसाठी होतं.”

“जिवाणूंना कळतं का, ही बाग आहे की शेत? साथ आहे म्हणतोस. भिंतीपलीकडे लोकांच्या बागा आहेत. उद्या ते म्हणतील, हिच्या घरात झाडांचा डॉक्टर असून हिने आमची झाडं मारली.”

मामाने कप खाली ठेवला. थंडी लागलेल्या झाडावर उपाय एकच असतो, त्याला हात न लावणं. वरचा भाग गेला तरी खोडात जीव राहतो. ऊन वाढलं की कुठून तरी डोळा फुटतो. रोगट झाडावर उपायही एकच, ते उपटणं. खिडकीमागे बसून हे दोन्ही उपाय त्याने हजारदा सांगितले होते, पण एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर काय होतं हा प्रश्न त्याला कधी कोणी विचारला नव्हता. घर वाचवायला जाऊन आपण बागेला फाशी सुनावली, हे त्याला पोळलेल्या जिभेइतकं स्पष्ट जाणवलं.

“पुढच्या आठवड्यात माणूस घेऊन येतो,” तो म्हणाला.

“माणूस कशाला? तू आहेस, कुदळ आहे.”

तो लहान कुंडीपासून सुरुवात करावी म्हणून क्रोटनपाशी गेला. काळ्या भागाला धरून त्याने झाड ओढलं, आणि ते मातीच्या गोळ्यासकट अलगद हातात आलं. मुळं पांढरीशुभ्र होती. इतकी निरोगी मुळं त्याने वर्षभरात पाहिली नव्हती. त्याने ती अंगाआड धरली आणि झाड घाईने पोत्यात कोंबलं.

“बघू मुळं?” ताई म्हणाली.

“नको, हात लावू नको. संसर्ग होतो.”

“मला होतो?”

“बाकीच्या झाडांना. तुझ्या हातामार्फत.”

“पण बाकीची तर आपण जाळतोच आहोत.”

मामाने आणखी एक कुंडी उलटी केली. पोतं भरत चाललं. सूनबाई उंबऱ्यावरून पायरीवर आली होती. तिचा चहा साय धरून तसाच होता. मामा दर कुंडीनंतर कमरेवर हात ठेवून उभा राही, आकाशाकडे बघे, घड्याळाकडे बघे, शेवटची बस कधी आहे ते मोठ्याने आठवे. ताई त्याला पुढची कुंडी बोटाने दाखवे.

मग लिंबू राहिलं.

लिंबाचं कलम भावजींनी स्वतः बांधलं होतं. खोडावरचा जोड अजून गाठीसारखा दिसे. ताई इतका वेळ त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत होती. आता तिने वॉकर पुढे सरकवला, दात आवळून उठली आणि एकेक पाय खाली टाकत पायरी उतरली. सूनबाईने हात पुढे केला तो तिने घेतला नाही. लिंबापाशी येऊन तिने खोडावर तळवा ठेवला.

“घाल,” ती म्हणाली.

मामा वाकला. आणि सवय ही चीज अशी, की कुदळ उचलण्याआधी त्याच्या नखाने आपोआप खोडाची साल खरवडली. आत हिरवं होतं. ओलं, चकचकीत, कोवळं हिरवं. त्याने त्याच्यावर पटकन अंगठा दाबला.

“काय आहे?”

“काही नाही.”

“मग घाल ना कुदळ. अंगठा काय लावून बसलायस? सही करायचीय का?”

अंगठा काढल्याशिवाय कुदळ उचलता येत नव्हती. मामाने डाव्या हाताचा अंगठा खोडावर तसाच ठेवून उजव्या हाताने कुदळ उचलली आणि हाणली. ती बुंध्यापासून चांगली हातभर दूर पडली.

“मुळाशी घाल. आपल्याला रस्ता करायचा नाहीये.”

त्याने पुन्हा कुदळ उचलली.

“थांबा, मामा,” सूनबाई म्हणाली.

ती पायरीवरून खाली आली आणि दोघांच्या समोर, लिंबापासून जरा अंतरावर उभी राहिली. हातातला कप ठेवायला तिला जागा सापडेना, म्हणून तो धरूनच ती बोलली.

“रोग नाही आहे तो. मी चादरी टाकल्या नाहीत.”

ताईने खोडावरचा हात काढला नाही. “विसरलीस?”

“विसरले असते तर बरं झालं असतं. दिवसभर दुकानात उभी होते. रात्री चादरी काढल्या, दारापर्यंत आणल्या. दार उघडलं, ती थंडी अशी अंगावर आली, आणि मी म्हटलं, मरू देत. असंच म्हटलं. मरू देत. आणि दार लावून घेतलं. सकाळी बघितलं तर खरंच मेलेली सगळी.”

“मेलेली नाहीत,” मामा म्हणाला.

दोघींनी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीमागच्या आवाजात बोलला होता; त्याच्याही लक्षात आलं, पण तो आवाज एकदा सुरू झाला की थांबत नसे. “वरचं गेलंय फक्त. खोड जिवंत आहे. हे बघा.” आणि त्याने अंगठा उचलला.

ताई खुबा वाकू देईल तेवढी वाकली. ती खरवडलेली जागा तिने नीट पाहिली. मग ती सरळ झाली, पण मामाकडे बघितलं नाही.

“मरू देत म्हणालीस?” तिने सुनेला विचारलं.

“हो.”

“मोठ्याने?”

“घरात कोणी नव्हतं, तुमचा लेक ऑफिसातच होता. मोठ्यानेच.”

“मी तर हे घरात असताना म्हणायची,” ताई म्हणाली. “ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने.”

सूनबाईला हसावं की नाही ते कळलं नाही. तिने तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.

“मग आता करायचं काय?” ताईने विचारलं. प्रश्न मामासाठी होता, पण तिने तो झाडाला विचारला.

“काही नाही करायचं. काळी पानं तशीच राहू द्यायची, कापायची नाहीत. त्यांच्या आडोशाला खालचं तग धरतं. खत नाही. पाणी बेतानं. हवा उबदार झाली की कुठून फुटतंय ते दिसेल, मगच कात्री.”

“तोवर हे असलं रोज डोळ्यांसमोर?”

“हो.”

सूनबाई पोत्यापाशी बसली होती. तिने क्रोटन बाहेर काढला, कुंडीत उभा केला आणि माती बोटांनी दाबू लागली. “आजही थंडी आहे म्हणे,” ती कुंडीला म्हणाली.

“चादरी आत ठेवल्यास का परत? त्याच घे. वरच्या दोन चांगल्या आहेत, त्या नको.”

“माहीत आहेत मला चांगल्या कोणत्या.”

“बोलतेस बरी.”

मामाने कुदळ जागेवर नेऊन ठेवली. त्याला एकदम हलकं वाटू लागलं. झाडं वाचली होती, घर वाचलं होतं, आणि मामीही वाचली होती. खोटं बोलून का होईना, सगळं मार्गी लागलं. त्याने हात धुतले, भिंग खिशात घातलं, आणि उपटलेल्या कुंड्या लावताना मुळं कशी पसरावीत ह्यावर तो सूनबाईला आपणहून दोन शब्द सांगायला निघाला.

“मामा,” ताई म्हणाली.

“हं?”

ती अजून लिंबापाशीच होती, वॉकरवर दोन्ही हात ठेवून. “ऑपरेशन झालं तेव्हा सर्जन बाहेर बाकावर तुझ्याशी बोलले होते. आत येऊन तू मला म्हणालास, ताई, उन्हाळ्यात तुला काठीसुद्धा लागणार नाही.”

“म्हणालेच तसं ते. म्हणजे त्यांचा एकूण सूर...” मामाने इकडेतिकडे पाहिलं. हातात धरायला कपही नव्हता. “हे बघ, प्रत्येकाची तब्येत वेगळी असते, आणि वयोमानाने...”

ताईने वॉकरवरचा एक हात वर केला. मामा थांबला.

“तू नको,” ती म्हणाली आणि सुनेकडे वळली. “तू होतीस ना तिथे?”

“होते.”

“मग तू सांग.”

सूनबाईने हातांची माती झटकली. मामाकडे न बघता ती पायरीशी गेली, वेताची खुर्ची उचलून खाली आणली आणि लिंबापाशी ताईच्या मागे टेकवून ठेवली. खुर्ची हलते का ते तिने एकदा दाबून पाहिलं.

“आधी बसा,” ती म्हणाली.